राउटरचे संदेश : वाचावे कसे, समजावे कसे

तथागतांनी चार आर्यसत्ये सांगताना दुःखापासून सुरुवात केली. परंतु ते दुःखापाशी थांबले नाहीत. दुःखाला कारण आहे, त्या कारणाचा निरोध होऊ शकतो व त्यासाठी मार्ग आहे, हे त्यांनी पुढे सांगितले. हीच विचारपद्धती यंत्राच्या बिघाडालाही लावता येते, हे विद्यार्थी मित्रांच्या ध्यानात यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

बँकेत 'लाईन गेली' की काउंटरपुढची रांग थांबते. पेन्शनसाठी आलेली वृद्ध माणसे ताटकळतात. शाखेतले संगणक मुख्य केंद्राशी जोडणारी पेटी म्हणजे राउटर. बिघाड झाला की राउटर गप्प बसत नाही; काय घडले ते इंग्रजी ओळीत नोंदवतो. पुष्कळदा ती ओळ न वाचताच त्याचे बटण बंद करून पुन्हा चालू केले जाते. राउटरच्या स्मृतीतले संदेश वीज बंद होताच पुसले जातात. ते दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची सोय केलेली नसेल तर पुरावा आपल्याच हाताने नष्ट होतो. म्हणून पहिला नियम असा : आधी 'शो लॉगिंग' ही आज्ञा देऊन संदेश वाचावेत, वहीत उतरवून घ्यावेत, मगच बटणाला हात लावावा.

उदाहरणासाठी सिस्कोचा राउटर घेऊ. ही कंपनी १९८४ साली अमेरिकेत लिओनार्ड बोसॅक व सँडी लर्नर यांनी स्थापन केली. तिच्या राउटरवर असा संदेश दिसतो :

%लिंक-३-अपडाउन : इंटरफेस सीरियल०/०, चेंज्ड स्टेट टू डाउन

याचे चार भाग पाडावेत. 'लिंक' हा संदेश देणारा विभाग. '३' हे गांभीर्य. 'अपडाउन' हे घटनेचे आखूड नाव. पुढे वर्णन : सीरियल०/० ही जोडणी बंद झाली.

गांभीर्याचे अंक ० ते ७ असतात आणि अंक जितका लहान तितका प्रसंग मोठा. ० म्हणजे यंत्र निकामी, १ म्हणजे ताबडतोब हालचाल हवी, २ गंभीर, ३ चूक, ४ इशारा, ५ दखल घेण्याजोगी घटना, ६ माहिती आणि ७ तपासणीचा तपशील. मात्र केवळ अंकावर विसंबू नये. जोडणी पुन्हा सुरू झाल्याचा संदेशही ३ हाच अंक घेऊन येतो. शेवटचा शब्द 'अप' आहे की 'डाउन', हे पाहावेच लागते.

'लाईनप्रोटो-५-अपडाउन' हा संदेश दुसरी गोष्ट सांगतो. लिंक चालू पण लाईनप्रोटो बंद असेल, तर तार व सिग्नल ठीक आहेत, परंतु दोन टोकांचा संवाद जुळत नाही. फोन लागावा आणि दोघांनी वेगवेगळ्या भाषेत बोलावे, तसे हे आहे. सीरियल लाईनवर दोन्ही टोके सामान्यतः दर १० सेकंदांनी एकमेकांना खुणेचा संदेश पाठवतात. तो पोहोचत नसेल किंवा दोन्हीकडची मांडणी वेगळी असेल, तर असे घडते. दोन्ही बंद असतील तर प्रथम केबल, मोडेम आणि लाईन तपासावी. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' असे दिसले तर बिघाड नाहीच. कोणीतरी 'शटडाउन' ही आज्ञा दिलेली आहे. ती का दिली याची चौकशी करून मग 'नो शटडाउन' द्यावे.

एक तार तुटली की पाठोपाठ अनेक संदेश येतात. शेवटचा संदेश डोळ्यांसमोर असतो, पण तो बहुधा परिणाम असतो. कारणाचा माग सर्वांत आधीच्या संदेशापासून काढावा. वेळेमागे तारकाचिन्ह असेल तर राउटरचे घड्याळ लावलेले नाही असे समजावे. तिथे १ मार्च ही तारीख दिसली म्हणून बिघाड मार्चमधला ठरत नाही.

आज्ञा टाइप करताना 'इनव्हॅलिड इनपुट डिटेक्टेड' असे आले तर घाबरू नये. वरच्या ओळीतले छोटे टोकदार चिन्ह चूक नेमकी कुठे आहे ते दाखवते. 'इनकम्प्लीट कमांड' म्हणजे आज्ञा अपुरी. 'ॲम्बिग्युअस कमांड' म्हणजे लिहिलेल्या अक्षरांचे एकाहून अधिक अर्थ होतात.

आमचे शिक्षण कला शाखेचे. तरीही हे संदेश आम्हाला वाचता येतात. कारण त्यांत तेच ते थोडे शब्द पुनःपुन्हा येतात. इंग्रजीच्या धास्तीने आपली हुशार मुले या क्षेत्राच्या दारातून परत फिरतात, हे दुःख आहे. त्याचे कारण बुद्धीची उणीव नसून सवयीची उणीव आहे आणि त्यावर मार्ग आहे. 'पॅकेट ट्रेसर' या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर राउटर विकत न घेताही सराव होतो. विहारातील अभ्यासिकेत एक संगणक व एक वही ठेवावी. रोज एक संदेश, त्याचा मराठी अर्थ, कारण आणि उपाय, असे चार रकाने भरावेत. बाबासाहेबांच्या तीन आदेशांत शिक्षणाचा आदेश पहिला आहे. त्याचे पालन अशा एका वहीपासूनही सुरू होऊ शकते.