भाटीतले आणि यकृतातले अल्डिहाइड



मार्च ते मे हा पेडणे-डिचोलीच्या डोंगरउतारांवर काजूचा हंगाम. बोंडे तुडवायची, रस आंबवायचा, भाटी लावायची, हा क्रम आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतो. या क्रमात रसायनशास्त्राचा एक धडा दडलेला आहे. तो समजून घेतला तर घरातला जीव वाचू शकतो.

कार्बोनिल म्हणजे काय?

कार्बन आणि ऑक्सिजन यांचे अणू दुहेरी बंधाने जोडले गेले की त्या जोडीला कार्बोनिल गट म्हणतात. जोताला बांधलेल्या दोन बैलांपैकी एक अधिक जोरकस असावा, तसा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. कार्बनची बाजू उणी पडते. ती उणीव भरण्यासाठी कार्बन दुसऱ्या रेणूशी, विशेषतः प्रथिनांतील नायट्रोजनशी, चटकन जोडला जातो. अल्डिहाइडे अशी लागट असतात ती यामुळेच.

भाटीत काय घडते?

किण्व साखरेपासून आधी असिटाल्डिहाइड बनवते व मग त्याचे अल्कोहोल. आंबलेला रस हवेत राहिला तर चक्र उलटे फिरते: अल्कोहोलचे असिटाल्डिहाइड आणि त्याचे व्हिनेगरचे आम्ल. असिटाल्डिहाइड सुमारे 20 अंशांवर उकळते, अल्कोहोल 78 अंशांवर. म्हणून भाटीतून सुरुवातीला जे निघते त्यात ते अधिक असते व त्याचा वास नाकात झोंबतो. ‘पहिल्या धारेची’ म्हणून कौतुक होते; पण अगदी सुरुवातीचा थोडा अंश बाजूला काढणे शहाणपणाचे.

यकृतात काय घडते?

हेच. प्यालेल्या अल्कोहोलचे यकृत असिटाल्डिहाइड करते, मग आम्ल. यकृताचा वेग ठरलेला असतो. एकामागून एक पेले रिचवले की असिटाल्डिहाइड साचते आणि पेशींतील प्रथिनांना व जनुकद्रव्याला चिकटते. मद्यपानातून येणारे असिटाल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 साली जाहीर केले.

दारू सोडवण्यासाठी डॉक्टर कधी कधी डायसल्फिराम देतात. हे औषध दुसरी पायरी अडवते. त्यावर दारू घेतली की असिटाल्डिहाइड झपाट्याने वाढते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब उतरतो. भगिनींनो, तुमचा त्रास मी जाणतो. तरीही हे औषध नवऱ्याच्या कालवणात गुपचूप मिसळू नका. त्याला न कळता तो प्याला तर प्राणावर बेतू शकते.

मिथेनॉलचा धोका

मिथेनॉल हा अल्कोहोलचाच भाऊ. रंगाने, वासाने सारखाच. शरीरात त्याचे फॉर्माल्डिहाइड होते व पुढे फॉर्मिक आम्ल. याच फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण म्हणजे फॉर्मेलिन, ज्याच्या मासळीतील संशयावरून जुलै 2018 मध्ये गोव्यात खळबळ उडाली होती. फॉर्मिक आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. पहिली धार टाकली की मिथेनॉल निघून जाते, ही समजूत चुकीची आहे.

लक्षात ठेवा:

1. कोठून आली हे ठाऊक नसलेली स्वस्त दारू घेऊ नका.
2. पिल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, धूसर दिसणे, वांत्या, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर ‘उतरेल’ म्हणून झोपवू नका. थेट इस्पितळात न्या आणि काय प्याला ते डॉक्टरांना न लाजता सांगा.
3. त्याच्यासोबत प्यालेल्या इतरांनाही कळवा. वेळेवर उपचार मिळाले तर दृष्टी आणि प्राण दोन्ही वाचू शकतात.