पराभवाचा अभ्यास : १९६२ नंतरचे भारतीय सैन्य

विजयी सैन्य आपल्या जुन्या सवयी बदलण्यास सहसा तयार नसते. पराभूत सैन्याला त्या बदलाव्याच लागतात. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने १९६२ च्या भारत-चीन युद्धाकडे मी याच दृष्टीने पाहतो.

२० ऑक्टोबरला सुरू झालेली लढाई २१ नोव्हेंबरला चीनच्या एकतर्फी शस्त्रसंधीने थांबली. त्या महिन्याभरात काय दिसले? नामका चू नदीकाठी आपले जवान पुरेशा गरम कपड्यांशिवाय, .३०३ ची जुनी रायफल घेऊन लढले. रस्त्यांअभावी रसद पोचेना. लढाऊ विमाने तर वापरलीच गेली नाहीत. तेथे लढणे धोक्याचे आहे असे सांगणारे लेफ्टनंट जनरल उमरावसिंग आधीच बाजूला सारले गेले होते.

युद्ध थांबत असतानाच संरक्षणखाते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांनी केलेल्या चौकशीचे निष्कर्ष त्यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत थोडक्यात मांडले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांचे नेतृत्व हे चौकशीचे पाच विषय होते. यांपैकी सामग्रीचा विषय एकच आहे, ही गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते.

पुढील काही वर्षांत सैन्याची मंजूर संख्या सव्वाआठ लाखांवर नेण्याचे ठरले. खास पर्वतीय डिव्हिजन उभारल्या गेल्या. ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल जवानांच्या हाती आली, सीमेवरील रस्त्यांना वेग आला आणि नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. सप्टेंबर १९६७ मध्ये नथू ला येथे चिनी सैन्याशी पुन्हा चकमक झाली, तेव्हा आपले जवान जागचे हलले नाहीत.

तथापि एक उणीव राहिलीच. चौकशीचा मूळ अहवाल सरकारने गुप्तच ठेवला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांच्यामार्फत बाहेर आला. बंदुका काही वर्षांत बदलता येतात. परंतु हाताखालच्या माणसाने सांगितलेले अप्रिय सत्य ऐकून घेण्याची सवय कारखान्यात तयार होत नाही. ती ज्या सैन्याला लागली, त्याचेच आधुनिकीकरण खऱ्या अर्थाने झाले, असे माझे मत आहे.