टपालाचे तिकीट आणि टपालाचा शिक्का : इतिहासाचा एक पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी, तासिका २)

तिकिटे जमविण्याचा छंद खेड्यांतील शाळांतही आढळतो. मुले पाकिटावरील तिकीट कापून घेतात आणि पाकीट चुलीत जाते. असे पाकीट जळाले म्हणजे इतिहासाच्या साधनाचा मोठा भाग नष्ट होतो, ही जाणीव मुलांना करून देणे हा या पाठाचा हेतू होय.

उद्दिष्ट : तिकीट हा राज्याचा दावा असतो आणि शिक्का हा त्या राज्याच्या कारभाराचा पुरावा असतो, हा भेद विद्यार्थ्यांस समजावा.

विषयविवेचन : नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकारची स्थापना केली. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीबरोबर हे सरकार संपुष्टात आले. १९४३ मध्येच आझाद हिंदची तिकिटे बर्लिन येथे छापण्यात आली होती. नांगर धरलेला शेतकरी, चरख्यावर सूत काढणारी स्त्री, जखमी सैनिकाची शुश्रूषा करणारी परिचारिका, बंदूकधारी शीख सैनिक, तिरंगा घेतलेले सैनिक आणि भारताच्या नकाशावर तुटलेली साखळी अशी चित्रे त्यांवर होती. तिकिटे तयार झाली. परंतु ती लावून पत्रे पाठविण्याचा दिवस उगवला नाही. म्हणून त्यांवर टपालाचा शिक्का दिसला, तर ते पत्र खरोखर टपालाने गेले होते असे मानता येत नाही. दावा होता, आकांक्षा होती. पण डाक चालली नाही.

तरीही ती आकांक्षा वाया गेली नाही. ‘जय हिंद’ हे आझाद हिंदचे अभिवादन १५ ऑगस्ट १९४७ रोजी टपालाच्या शिक्क्यावर आले. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेल्या स्वतंत्र भारताच्या साडेतीन आण्यांच्या तिकिटावर तिरंग्यासह तेच शब्द होते. पुढे १९६८ मध्ये आझाद हिंद सरकारच्या स्थापनेस २५ वर्षे झाली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने २० पैशांचे स्मारक तिकीट काढले.

आता आपल्या परिसराकडे वळावे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीस, चिमूर येथे उठाव झाला. बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले. काही सरकारी अधिकारीही मारले गेले. १९ ऑगस्टला लष्कर येईपर्यंत गावावर इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. नंतरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. त्याच्या बातम्या छापण्यासही सरकारने बंदी घातली. चिमूरच्या त्या तीन दिवसांचे तिकीट कोणी छापले नाही. म्हणूनच त्या काळातील एखादे साधे कार्ड जुन्या पेटीत सापडले, तर त्यावरील तारखेचे मोल मोठे आहे. वृत्तपत्रे मुकी झाली असता घराघरांतील पत्रे बोलतात.

पाठाचे टप्पे :

१. शिक्षकाने एक जुने कार्ड किंवा पाकीट दाखवावे. मूळ आझाद हिंद तिकीट नसले तरी अडत नाही. त्यावरील चित्र फळ्यावर काढावे.

२. भिंगातून शिक्का वाचून घ्यावा : कचेरीचे नाव, तारीख, महिना, वर्ष. पाठविणाऱ्या व पोचणाऱ्या अशा दोन्ही कचेऱ्यांचे शिक्के असल्यास पत्रास किती दिवस लागले, याचे गणित करावे.

३. पत्ता वाचावा. चंद्रपूरचे जुने नाव ‘चांदा’. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झाला. म्हणून त्यापूर्वी अहेरी किंवा सिरोंचा येथे आलेल्या पत्रांवर चांदा अथवा चंद्रपूर जिल्हा आढळतो. केवळ पत्त्यावरून पत्राचा काळ साधारणपणे ठरविता येतो, हे मुलांच्याच तोंडून काढावे.

४. युद्धकाळातील पत्रांवर तपासनिसाचा, आणि कैद्यांच्या पत्रांवर तुरुंगाचा छापा असू शकतो. तोही टिपून घ्यावा.

खबरदारी : तिकीट कापू नये, पाकिटावरून सोडवू नये. पत्रावर शाईने काही लिहू नये. डिंक किंवा चिकटपट्टी लावू नये. पत्र घरच्यांच्या संमतीनेच आणावे, नक्कल उतरून त्याच दिवशी परत करावे. मजकूर खाजगी असल्यास फक्त पत्त्याची बाजू पाहावी. बाजारात जुन्या तिकिटांच्या नकला मिळतात. तेव्हा मुलांना विकत घेण्याच्या मोहात पाडू नये.

स्वाध्याय :

१. आझाद हिंदच्या तिकिटावर नांगर आणि चरखा का असावेत?

२. तिकीट आहे पण शिक्का नाही. शिक्का आहे पण तिकीट नाही. प्रत्येकावरून काय कळते?

३. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून गावात टपाल कसे येत असे, ते दहा ओळींत लिहा.

संग्रहातील तिकिटांच्या संख्येवरून विद्यार्थ्याचे मूल्यमापन करू नये. ज्याने एकच पाकीट अखंड राखले आणि त्याची हकीकत नीट सांगितली, त्याला हा पाठ कळला असे समजावे.