दुधापेक्षा अंधार महत्त्वाचा

प्रश्न : रात्री उशिराच्या लोकलने घरी येतो. दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांनी मेलॅटोनिन वाढतं असं वाचलं. सुरू करू का?
– एक वाचक, भाईंदर (पूर्व)

उत्तर : स्वतःच्या मनाने नको. तुम्ही वाचलंत ते अर्धंच खरं आहे. ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लापासून सेरोटोनिन बनतं आणि पिनिअल ग्रंथीत त्याचं मेलॅटोनिन होतं. ट्रिप्टोफॅन फारच कमी पडलं तर मेलॅटोनिन घटतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण कच्चा माल वाढवला की उत्पादनही तेवढंच वाढेल असं नाही. या बदलासाठी लागणारं विकर रात्रीच जोमाने काम करतं आणि डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की मंदावतं. डाळ, शेंगदाणे, अंडी किंवा उत्तनची मासळी नेमाने खाणाऱ्याला ट्रिप्टोफॅन सहसा कमी पडत नाही. मग गरम दुधाने काहींना झोप येते ती कशी? पेलाभर दुधात ट्रिप्टोफॅन साधारण 100 मिलिग्रॅम असतं, झोपेवरच्या प्रयोगांत मात्र बहुधा 1 ग्रॅम वा अधिक देतात. म्हणजे दुधाच्या गुणात सवयीचा आणि निवांतपणाचा वाटा मोठा असावा. दूध खुशाल घ्या, पण घरी पोचताच दिवे मंद करा, मोबाइल बाजूला ठेवा, उठण्याची वेळ रोज एकच ठेवा.

नैराश्यावरची औषधं चालू असतील तर ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांनी सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढू शकतं. 1989 मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या दूषित गोळ्यांनी अनेकजण गंभीर आजारी पडले होते. दिवे, मोबाइल आणि उठण्याची वेळ सांभाळूनही महिनाभरात झोपेत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना जरूर भेटा.