संगणकाचा पंखा

संगणक वीज खातो. ही वीज जाते कुठे? विहिरीवरच्या मोटारीची वीज पाणी उपसण्यात जाते. संगणक काही उचलत नाही, काही ओढत नाही. त्याने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती उष्णता डब्यातून बाहेर काढली पाहिजे. ते काम पंखा करतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हांला त्या पंख्याचे काय करायचे आहे? सांगतो. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबारा संगणकावर मिळू लागला. उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, लेकरांच्या कॉलेजचे फॉर्म, सगळे आता त्याच डब्यातून निघते. डबा बंद तर काम बंद. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस हात हलवीत परत जातो.

ज्या डब्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात, त्यात खरा मेंदू म्हणजे एक लहानशी चौकोनी चकती असते. तिचे नाव प्रोसेसर. काडेपेटीएवढीसुद्धा जाड नसते. पण सगळ्यांत जास्त तापते ती. तिच्यावर पातळ पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवतात. तिची उष्णता ठोकळ्यात येते, पात्यांत पसरते, आणि ठोकळ्यावरचा पंखा ती उडवून लावतो. पण उडवली तरी ती डब्यातच राहते ना? म्हणून डब्याच्या मागे दुसरा पंखा असतो. तो तापलेला वारा बाहेर फेकतो. काही डब्यांना पुढेही एक असतो. तो बाहेरचा वारा आत घेतो.

आपल्या माळवदाच्या घरात काय करीत? दारातून वारा आत येई आणि चुलीचा धूर वरच्या भोकातून बाहेर जाई. भोक बुजवले तर घर धुराने कोंडे. डब्याचेही तसेच. पुढून खालून वारा आत, मागून वरून बाहेर.

आता एक गोष्ट ध्यानात धरा. पंखा वारा थंड करीत नाही, फक्त हलवतो. खोलीत ४२ अंश असतील, तर डब्यात ४२ च्या खाली काही येणार नाही. नांदेडला आणि लातूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. थंड हवेच्या गावी अर्धा बिघडलेला पंखा कसाबसा निभावून नेईल. आपल्याकडे नाही. प्रोसेसर साधारण शंभर अंशांजवळ पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी हळू चालतो, आणि मग एकाएकी सगळे बंद. त्यात भर आपल्या धुळीची. सोयाबीनच्या राशीचा भुसा, कापसाचे तंतू, फुफाटा. पात्यांच्या फटीत हे सगळे बसून नमदा तयार होतो. वाराच शिरत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावी असेच झाले. बारावीचा निकाल लागला होता. पोरींना लातूरच्या कॉलेजात नाव घालायचे, त्यासाठी दाखले हवे. केंद्र चालवणाऱ्या ताई रडकुंडीला आल्या होत्या.

"गुरुजी, कंपूटर सारखं बंद पडायलंय."

"किती वेळ चालतो?"

"सकाळी तासभर चालतंय. दुपारी धा मिनिटं बी नाही."

"दुकानदार काय म्हणाला?"

"बोर्ड गेला म्हणाला. सात हजार लागतील. कुठून आणू?"

त्यांच्याच बोलण्यात उत्तर होते. बोर्ड जळला असता, तर सकाळीही चालला नसता. सकाळी चालतो, दुपारी पडतो, थोडा वेळ थांबून लावला की पुन्हा चालतो, म्हणजे उष्णता. वर पत्र्याचे छप्पर. डबा भिंतीला टेकवलेला. त्यावर धूळ बसू नये म्हणून छान विणलेला रुमाल टाकलेला! रुमाल चालू डब्यावर कधी टाकू नये. रात्री बंद केल्यावर टाका.

मागच्या जाळीपाशी कागदाची पट्टी धरली. पट्टी हलली नाही. म्हणजे मागचा पंखा फिरत नव्हता. डबा उघडला, तर आत नमदा. नमदा साफ केला, पंखा अडीचशे रुपयांचा बदलला. त्या आठवड्यात दाखले निघाले. सगळेच दुकानदार असे असतात असे मी म्हणत नाही. पण आपल्याला चार गोष्टी कळत असल्या की समोरचाही नीट बोलतो.

पंखा आणायला जाताना जुना पंखा सोबत न्यावा, हे सर्वांत चांगले. न जमल्यास माप घ्या. माप पात्यांचे घ्यायचे नाही, चौकटीच्या बाहेरच्या कडेचे घ्यायचे. बहुतेक ८० किंवा १२० मिलिमीटर भरते. १२० म्हणजे सुमारे पावणेपाच इंच. जाडी सहसा २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच. डब्याला १२० ची भोके असतील, तर ८० चा घेऊ नका. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुष्कळ वारा देतो आणि ओरडत नाही. लहानाला तेवढ्याच वाऱ्यासाठी जोरात पळावे लागते.

वायरीच्या टोकाची भोके मोजा. तीन भोकांचा पंखा बोर्डावरच्या चार काट्यांवरही बसतो. खाच जुळवून बसवायचा, दडपायचे नाही. चौथ्या काट्याने बोर्ड वेग कमीजास्त करतो, एवढाच फरक. काही पंख्यांना मोठे चार भोकांचे टोक असते. ते बोर्डावर बसत नाही, एसएमपीएसच्या वायरीला जोडतात. पंख्यावर १२ व्होल्ट लिहिलेले पाहा.

मग बेअरिंग. छताच्या पंख्यासारखेच इथेही बुश आणि छर्‍यांचे बेअरिंग असे प्रकार असतात. बुशचा स्वस्त, पण उष्णतेत लवकर झिजतो. आमच्या भागात शंभरेक रुपये जास्त पडले तरी छर्‍यांचा घ्यावा, असे माझे मत. आवाज थोडा जास्त होतो, तो चालवून घ्या. झिजलेल्या बुशात शिलाई मशीनचे तेल घालणारे आहेत. पंखा फिरतो, पण काही दिवसांत पुन्हा घरघरतो. खोबरेल तर घालूच नये.

बदलताना आधी संगणक बंद करा. भिंतीचे बटण बंद करा आणि पिन उपसून काढा. मग डब्याचे बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावर साचलेली वीज तिथे उतरते. नाहीतर ती आतल्या नाजूक भागाला लागते. एसएमपीएसचा बंद डबा मात्र उघडू नका. पिन काढल्यावरही त्यात जबर झटका देण्याइतकी वीज राहते. तिथे जाणकारच हवा.

धूळ मऊ कुंचल्याने काढा. फुंकर मारू नका, थुंकी उडते. पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने ती भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होते. ओला फडका नको.

जुन्या पंख्याचे चार स्क्रू काढा. नवा बसवताना तोंड कुठे, हे पाहा. चौकटीवर बाण असेल, तर वारा बाणाच्या दिशेने जातो. बाण नसेल, तर ज्या बाजूला मधल्या चकतीला आधाराच्या दांड्या आहेत, त्या बाजूने वारा बाहेर पडतो. मागच्या पंख्याची ही बाजू डब्याबाहेर तोंड करून हवी. उलटा बसला, तर तोच गरम वारा परत आत. पंख्याची भोके प्लास्टिकची असतात, स्क्रू स्वतःच आटे पाडतो. जोर लागतो, पण तिरपा घालू नका. वायर पात्यांत अडकणार नाही अशी बांधा.

झाकण लावा. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून डबा स्टुलावर ठेवा, केरसुणीची धूळ खालीच राहते. संगणक सुरू करा आणि मागे पुन्हा कागदाची पट्टी धरा. पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे. जाळीला चिकटली, तर पंखा उलटा बसला आहे. मग पिन काढा आणि पुन्हा उघडा.