जुन्या गाडीचा कार्बोरेटर बदलताना : छोट्या पार्टमधला मोठा धंदा

शिवरे पुणे-सातारा महामार्गालगत आहे. इथे किंवा अशाच गावात गॅरेज टाकायचं असेल, तर आजचा धडा नीट वाचा.

प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या पेट्रोल जीपला दुसरा कार्बोरेटर बसवून घेणारे हौशी मालक आजही आहेत. कार्बोरेटर मिळतो हो! काम अडतं ते स्टड, नट, वायसर, पॅकिंग आणि स्प्रिंगवर.

१. आधी मोजा, मग खरेदी. जीपचं मूळ डिझाइन अमेरिकन, म्हणून आटे इंचात. पद्मिनीचं मूळ इटालियन, म्हणून मेट्रिक. ५/१६ इंचाचा स्टड ७.९४ मिमी भरतो, एम-८ चा ८ मिमी. डोळ्याला दोन्ही सारखेच! पण पहिल्याचे आटे इंचाला २४, म्हणजे पिच साधारण १.०६ मिमी, नेहमीच्या एम-८ चा १.२५. जबरदस्तीने पान्याने आवळलं की आटे गेलेच. व्हर्नियर आणि पिच गेज आधी घ्या.

२. कुठे काय? गाडीचे पार्ट नाना पेठेत. नट-बोल्ट, वायसर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत बघा. अडॅप्टर प्लेट मात्र जुन्या पॅकिंगचा नमुना देऊन टर्नरकडून करून घ्या. तोंडी माप सांगू नका, नमुना सोबत न्या.

३. इथे काटकसर नको. पेट्रोलचा पाइप इथेनॉल-मिश्रित पेट्रोलला चालणाराच घ्या. पाण्याचा रबरी पाइप फुगतो, चिरतो, आणि खाली गरम मॅनिफोल्ड असतो. बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर दरवेळी नवे. ॲक्सिलरेटरला परतीच्या स्प्रिंगा दोन लावा. एक तुटली तरी थ्रॉटल उघडा राहणार नाही. गिऱ्हाइकाचा जीव यावर आहे.

४. आता हिशोब. समजा, पुण्याच्या एका फेरीला भाडं आणि बुडालेली मजुरी धरून ६०० रुपये जातात. एका गाडीसाठी गेलात तर सगळे ६०० त्याच कामावर. दहा गाड्यांचे नट-वायसर एकदम आणले, तर गाडीमागे ६०. पण जेट, अडॅप्टर प्लेट यांचा साठा करू नका. ते गाडीप्रमाणे बदलतात आणि पैसा फळीवर अडकून पडतो.

प्रत्येक गाडीचं माप वहीत लिहा. वर्षभरात ती वहीच तुमचं भांडवल होईल.

गृहपाठ: एका गाडीची संपूर्ण पार्ट-यादी मापासकट तयार करा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!