*फवारणी पंपाच्या बॅटरीवर मोबाईल अन् प्रकाश सापळा : १२ व्होल्टचे ५ कसे करायचे?*



रात्रीची लाईट असली की दारं धरायला रानात जावं लागतं आणि नेमकी तेव्हाच मोबाईलची बॅटरी संपते. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे लिंब-बाभळीवर येतात, तेव्हा प्रकाश सापळाही लावायचा असतो. दोन्हीसाठी पाठीवरच्या पंपाची १२ व्होल्ट बॅटरी कामाला येते. पण मोबाईल आणि यूएसबी बल्बला ५ व्होल्ट लागतात. डायरेक्ट जोडलं तर जळतात.

*व्होल्ट कमी करायचे दोन मार्ग*

१) *७८०५ ची तीन पायांची चिप.* ही जास्तीचे ७ व्होल्ट उष्णता करून टाकते. ५ वॅटचा बल्ब लावला तर बॅटरीतून १२ वॅट जातात. म्हणजे पाटाचं निम्म्याहून जास्त पाणी बांधाबाहेर सोडल्यासारखं.

२) *स्टेप-डाऊन मॉड्यूल (बक कन्व्हर्टर).* काडेपेटीपेक्षा लहान पट्टी असते. आतली चिप करंट फार वेगाने चालू-बंद करते (एलएम २५९६ ही चिप सेकंदाला दीड लाख वेळा) आणि गुंडाळी तो एकसारखा करून पुढे देते. त्याच बल्बला बॅटरीतून साधारण ६ वॅटच जातात.

*हिशोब बघा (लेड-ॲसिड बॅटरी, १२ व्होल्ट ८ एएच)*

१२ × ८ = ९६ वॅट-अवर. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ४८.
▪️ स्टेप-डाऊनने हातात येतात साधारण ४०
▪️ ७८०५ ने फक्त २०
▪️ ५००० एमएएचचा मोबाईल फुल व्हायला जवळपास २०
▪️ ५ वॅटचा बल्ब ३ तास = १५
म्हणजे स्टेप-डाऊनवर दोन रात्री सापळा चालतो, ७८०५ वर एकच.

*कोणतं घ्यावं?*

✅ नुसता मोबाईल चार्ज करायचा असेल तर गाडीत लावायचा यूएसबी चार्जर घ्या. त्यातही स्टेप-डाऊनच असतं, ५ व्होल्ट कंपनीतूनच सेट असतात.
✅ बल्ब किंवा सेन्सरसाठी एलएम २५९६ चं मॉड्यूल. ४० व्होल्टपर्यंत चालतं. वर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी २ च्या आतच वापरा, नाहीतर तापतं.
⚠️ एमपी २३०७ चं अगदी छोटं मॉड्यूल २३ व्होल्टपर्यंतच सोसतं. "१२ व्होल्ट"चं सोलर पॅनल भर उन्हात लोड नसताना २१-२२ व्होल्ट देतं. त्यामुळे पॅनलला हे डायरेक्ट लावू नका.
बल्ब १२ व्होल्टचाच असेल तर मॉड्यूलची गरजच नाही.

*जोडणी : हा क्रम मोडू नका*

१. बॅटरीच्या प्लसजवळ २ अँपिअरचा फ्यूज आणि एक स्विच लावा.
२. बॅटरीची वायर मॉड्यूलच्या इन बाजूला. प्लस-मायनस दोनदा तपासा, उलटं लागलं की चिप गेली.
३. *आऊट बाजूला अजून काहीच जोडू नका.* नवीन मॉड्यूल बऱ्याचदा ११-१२ व्होल्टच बाहेर देतं.
४. मल्टीमीटर डीसीवर ठेवून आऊटला लावा आणि निळ्या डबीवरचा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवा. सुरुवातीला बरेच वेढे काही फरक दिसत नाही, फिरवत राहा. ५.१ व्होल्ट आले की थांबा.
५. स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे पाठीवर हलून फिरणार नाही.
६. आता बल्ब जोडा. पाणी-औषध उडणार नाही अशा डबीत मॉड्यूल ठेवा, पण हवा लागू द्या.

*बॅटरी मरू देऊ नका*

हे मॉड्यूल बॅटरी उतरली म्हणून आपोआप बंद होत नाही. उलट व्होल्ट कमी झाले की जास्त करंट ओढतं. बल्ब बंद करून पाच मिनिटांनी मोजा. १२.१ व्होल्ट दिसले की वापर बंद, चार्जिंगला लावा. खोलवर उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा धरत नाही आणि ऐन फवारणीच्या दिवशी पंप बसतो.

काहीच जोडलं नसतानाही एलएम २५९६ चं मॉड्यूल ५-१० मिलीअँपिअर खातं. महिनाभर तसंच राहिलं तर ८ एएचपैकी ३.५ ते ७ एएच संपतात. म्हणून स्विच हवाच.

🚫 मोटारीच्या किंवा घरच्या २३० व्होल्ट लाईनला हे मॉड्यूल अजिबात लावायचं नाही. हे फक्त डीसीसाठी आहे, जिवाशी खेळ नको.

मॉड्यूल घेण्याआधी चिपवरच्या नंबरचा फोटो ग्रुपवर टाका, बघून सांगतो. मल्टीमीटर नसेल तर पंप आणि मॉड्यूल घेऊन ऑफिसला या, ५.१ वर सेट करून देऊ.

– तांत्रिक सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, दिंद्रुड (ता. माजलगाव)